जयवंताचे तीन अॅम्प्लिफायर

हाक मारली तर ओ द्यायची नाही, ही कुठली रीत? एकदा नाही, तीनदा मारली. जिन्यातून मारली, दारातून मारली, शेवटी चहाचा कप घेऊन पुढ्यात जाऊन उभी राहिले तेव्हा साहेबांनी डोळे उघडले. कानांवर ते वाटीएवढे दोन काळे डबे, मांडीवर वही, बोटांत पेन्सिल. माझ्याकडे असं बघितलं, जसं काय मीच आगाऊ, कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलेली.

"घसा बसला माझा हाका मारून."

"ऐकू नाही आलं, अक्का. हेडफोन होता ना."

"नसतो तेव्हा तरी कुठं ओ देतोस?"

हसला, चहा घेतला, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. झालं बोलणं. दिवसाचं तेवढंच.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. जयवंत माझा एकुलता एक. तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता. पुण्यातल्या कंपनीनं पैसे हातात ठेवून त्याला घरी बसवलं होतं. "चार दिवस राहून येतो" असं बायकोला सांगून इचलकरंजीला आला, त्याचे आठ महिने झाले. बायको मेधा शाळेत शिकवायची, ती आणि नात पुण्यातच. भांडण म्हणावं तर दोघांपैकी कुणाचा आवाज चढला नव्हता. मेधाचं म्हणणं एकच. "अक्का, यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी स्वयंपाकघरातून जीव तोडून सांगत असते, हे हूं नाही की चूं नाही. मला मोजतच नाहीत. शेवटी मी बोलायचंच सोडलं."

सुनेची बाजू घेणारी बाई मी नव्हे. पण ह्या बाबतीत ती खोटं सांगत नव्हती. शिकून पोरगा मगरूर झाला, असं माझंही मत होतं.

तो बसायचा ती जागा म्हणजे आमचा कारखाना. घराच्या खालच्या मजल्यावर बारा यंत्रमाग होते. मालक, म्हणजे जयवंताचे वडील, गेले, तेव्हापासून अकरा वर्षं ते मी एकटीनं चालवले. दुसरीपर्यंत शाळा शिकलेली बाई, पण सुताचा व्यापारी माझ्यापुढं खुर्चीत टेकून बसायचा नाही. पुढं कामाला माणसं मिळेनात, माग विकून टाकले. ट्रकमध्ये चढताना मी बघायला खाली उतरले नाही. जमिनीत बोल्टची भोकं तेवढी राहिली, त्यांवर जयवंतानं सतरंजी टाकली आणि खुर्ची मांडली.

माग बंद झाल्यावर घर कसं होतं, ते ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. चाळीस वर्षं भिंती हलायच्या, तांब्यातलं पाणी थरथरायचं. आणि एका दिवसात काहीच नाही. दुपारी एकटी जेवायला बसले की मी भांडी मुद्दाम आपटायची. आता पोरगा घरात होता, तरी घर तसंच. खाली तो, वर मी.

एके दिवशी दुपारी पुण्याहून एक गाडी आली आणि तिच्यातून दोन खोके उतरले. जयवंतानं ते लहान मुलाला धरावं तसे छातीशी धरून आत नेले. मी मागं मागं गेले.

"आता हे काय आणि?"

"अॅम्प्लिफायर. दुकानदारानं आठवडाभर ऐकायला दिलेत. आवडला तर ठेवायचा, नाहीतर परत."

"डोक्यावरचा तो डबा पुरेना झाला होय?"

वाटलं, आता डोळे मिटेल. पण नाही. खुर्ची माझ्याकडं वळवली, समोरासमोर बसला आणि सांगायला लागला. "हे बघ अक्का, हा हेडफोन साधा नाही. मोबाईलला लावला तर आवाज येतो, पण जीव येत नाही. ह्याला ताकद लागते. ताकद देतो तो अॅम्प्लिफायर. आता कुठल्या हेडफोनला कुठला अॅम्प्लिफायर जमेल, हे कागदावर कळत नाही. ऐकूनच ठरवावं लागतं."

"म्हणजे माग रुंद पन्ह्याचा आणि मोटर एक हॉर्सपॉवरची."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "अगदी तसंच."

"मग मोठी मोटर बसव की. त्यात एवढं काय?"

"मोठी बसवली तर?"

"धागे तोडंल."

"तेच अक्का! तेच!" त्यानं वही उघडून ते लिहून घेतलं. माझं बोलणं, वहीत! पुण्याला गेल्यापासून पोरगा माझ्याशी एवढी दहा वाक्यं एका दमात बोलला नव्हता. मी पदर खोचला आणि समोरच्या स्टुलावर बसकण मारली.

"तू ऐक," तो म्हणाला. "मला ठरवता येईना झालंय. दोन्हीत काहीतरी कमी आहे. तुझा कान आख्ख्या गल्लीला माहीत आहे."

हे खरं होतं. रस्त्यावरून आत पाऊल टाकता टाकता मी जॉबरला सांगायची, "सातव्या मागाचा धोटा अडकतोय, बघ जा," आणि निघायचं तसंच. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री, तो तर मला हात जोडायचा. पण आता लपवून काय करायचंय? ते मी कानानं ओळखत नव्हते. उंबऱ्यावर पाय ठेवला की तळपायाला कळायचं. कान माझे कधीच गेले होते. पक्षी मुके झाले, मग घड्याळ मुकं झालं, मग दाराची कडी. मी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही, कारण मागावर काम केलेल्या माणसाला बोलणं डोळ्यांनी ऐकता येतं. बारा माग चालू असताना ओरडून उपयोग नसतो, आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, पलीकडच्यानं बघायचं. सगळा कारखाना असाच बोलायचा, भांडायचा, चहाडी करायचा. मेधाला मी नेहमी व्हिडिओवरच फोन करायला लावायची. म्हणायची, सुनेचं तोंड बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. ती बिचारी पदर सावरून बसायची.

तर जयवंतानं ते डबे माझ्या कानांवर चढवले. डोक्याला जड, पण गार आणि मऊ. त्यानं बटण फिरवलं. आत कुणीतरी ठेका धरलेला कळला, खालचा, दणदणीत. त्याच्यावर कुणीतरी गात असणार. ते धुक्यातल्यासारखं होतं. मी जयवंताचं तोंड बघत राहिले. त्यानं दुसऱ्या डब्याची तार लावली. त्या डब्यावर काचेचे चार दिवे होते, देव्हाऱ्यासारखे लालसर पेटलेले.

"काय फरक वाटतो?"

खरं सांगायचं तर तिथंच सांगायला हवं होतं. पण पोरगा पुढं वाकून, माझ्या तोंडाकडं डोळे लावून बसला होता. असा तो मला शेवटचा कधी बसलेला आठवेना.

"पहिला धारदार आहे," मी म्हणाले. "हा गुळमट."

"करेक्ट!" त्यानं मांडीवर थाप मारली. "काचेचे दिवेवाले थोडे गोडच वाजतात. तू कशी ओळखतेस गं?"

कशी ओळखणार? दिवे बघून ओळखलं.

तिथून आमची रोजची बैठक सुरू झाली. चार वाजले की मी चहा घेऊन खाली. तो एकच गाणं ह्यात लावायचा, त्यात लावायचा, मी निकाल द्यायची. "ह्यात बाई जवळ बसून गाती." "ह्यात ढोलकी माजलीय." जे तोंडाला येईल ते. सूत पारखताना आम्ही जे बोलतो, तेच सगळं मी गाण्याला लावलं. रेशीम म्हणाले, गाठाळ म्हणाले, कांजी जास्त झाली म्हणाले, आणि तो सगळं वहीत उतरवून घ्यायचा. कधी हसायचा. "अक्का, तुला दुकानात नोकरी मिळेल." मी म्हणायची, "मालकीण म्हणून असली तर सांग." खोटारडेपणा होता, कबूल. पण मालक गेल्यापासून इतके चांगले दिवस मी बघितले नव्हते.

मात्र दोन्ही यंत्रं त्याला पसंत पडेनात. "वरचं कुठंय अक्का?" म्हणायचा. "झांज, घुंगरू, सतारीची तार सुटते तो वरचा झणत्कार. लहानपणी मोडक्या रेडिओवर ऐकू यायचा. एवढं महाग घेऊन इथं नाही. सगळं पांघरुणाखाली वाजतंय." आवाज वाढवत वाढवत न्यायचा. इतका, की त्याच्या कानांवरच्या डब्यांना नुसतं बोट लावलं तरी मला ठेका कळायचा. दोन्ही खोके परत गेले. तिसरं यंत्र मागवलं, सगळ्यांत भारी. कंपनीच्या पैशातला मोठा तुकडा त्यात जाणार होता.

मधेच मेधाचा फोन आला. तिचा चेहरा सुकलेला होता. "अक्का, पाडव्यापर्यंत त्यांनी काय ते सांगावं. यायचं असेल तर यावं. नसेल तर तसं सांगावं. मी वाट बघत बसणार नाही." पाडवा नऊ दिवसांवर होता.

मी जयवंताला सांगितलं. तो तारेचं टोक पुसत म्हणाला, "जाऊन काय करू? तिला माझं असणं-नसणं सारखंच आहे. हा अॅम्प्लिफायर जमला की इथंच ऐकायची खोली करून घेतो. भिंतींना गाद्या लावतो. तुझ्याजवळ राहतो. चालेल ना?"

आई म्हणून काय बोलायला पाहिजे ते मला समजत होतं. मी म्हणाले, "तुझंच घर आहे." आणि वर जाऊन शिरा केला. लाज वाटते सांगायला, पण चांगला तूप सोडून केला.

तिसरं यंत्र घेऊन दुकानात काम करणारे मराठे आले. साठीचे गृहस्थ, पांढरी दाढी, बोलणं मऊ. यंत्र दोघांनी मिळून उचललं, एवढं वजन. रुपेरी तोंड, मधोमध एकच मोठं बटण. मराठ्यांनी तारा जोडल्या, आधी स्वतः ऐकलं, मान डोलावली आणि हेडफोन जयवंताच्या हातात दिला.

"आता ऐका साहेब. सुरुवातीलाच घुंगरांची लड आहे. मोती सांडल्यासारखी."

जयवंतानं ऐकलं. कपाळाला आठी पडली. बटण फिरवलं, आणखी फिरवलं. "कुठंय?"

"अं? आता गेली की. पुन्हा लावतो. हं, ही बघा. ही."

"सपाट आहे हो, मराठे. हाही सपाटच."

मराठ्यांनी हेडफोन काढून आपल्या कानाशी नेला आणि चटकन दूर धरला, चटका बसल्यासारखा. बटणाकडं बघितलं, जयवंताकडं बघितलं. मग म्हणाले, "एक मिनिट हं. दुकानात एक फोन करून येतो."

ते बाहेर ओट्यावर गेले. कारखान्याच्या त्या भिंतीला लांबच लांब काचेची खिडकी आहे, उजेडासाठी ठेवलेली. मराठे खिडकीपलीकडं, फोन कानाला, तोंड माझ्याकडं. बाहेर उजेड चांगला होता. कुणाचं चोरून ऐकायचं नाही हे मला कळतं, पण बघायला कोण बंदी करतं?

"नाही हो, यंत्र उत्तम आहे," मराठे त्यांच्या दुकानदाराला सांगत होते. "तिन्ही उत्तमच होती... दोष त्यांच्या कानांत आहे. वरचं त्यांना ऐकूच येत नाही... अहो, एवढ्या मोठ्यानं लावतात, माझे कान फाटले... नाही, त्यांना कल्पना दिसत नाही. घरातलंही कुणी बोललेलं दिसत नाही." मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "मी कसं सांगू? गिऱ्हाईक आहेत... बरं. तुम्ही म्हणता तर देतो हेच. पण चार महिन्यांनी हेसुद्धा परत येईल."

मी स्टुलावरच बसून होते. जयवंत वहीत काहीतरी लिहीत होता. मान खाली, दाट केस, कानांच्या पाळ्या थेट मालकांसारख्या.

हे कान मी तो जन्मल्यापासून ओळखत होते. कुठं होते ते? चौथ्या मागाखाली, सुताच्या पोत्यावर झोपलेले. मला त्याचं केवढं कौतुक. आल्यागेल्याला दाखवायची, बघा, माग बंद पडला की रडतो, चालू झाला की झोपतो. दहाव्या वर्षापासून शाळा सुटली की कांड्यांवर सूत भरायला बसलेले, मागांच्या ऐन मधोमध. एकदा सरकारी दवाखान्यातून एक डॉक्टरीणबाई आली होती. कानात घालायला कापसाचे बोळे वाटायला लागली, पोरांना तर आवर्जून. सगळे कामगार माझ्याकडं बघायला लागले, घ्यावं की नको. मी म्हणाले, "बाई, कापूस आम्ही विणतो. कानात कोंबत नाही." काय हसले सगळे! बोळे तिथंच जमिनीवर टाकले. ती बाई खाली मान घालून गेली, आणि मी कितीतरी वर्षं हा किस्सा सांगून लोकांना हसवलं.

मेधा स्वयंपाकघरातून बोलायची, ओट्याकडं तोंड करून. त्याला तिचे ओठ दिसत नव्हते. मगरुरी कसली नि काय. आणि इथं आम्ही दोघं रोज चार वाजता समोरासमोर बसून एकमेकांच्या तोंडाकडं बघत होतो, आणि त्याला वाटत होतं की अक्काशी कसं छान जमतं.

मराठे आत आले. खुर्चीत बसून पावतीपुस्तक काढलं, पण पेन उघडेनात. जयवंतानं हेडफोन माझ्यापुढं धरला. "अक्का, शेवटचं तू ऐक आणि सांग. तू हो म्हणालीस तर घेतो."

घे म्हणाले असते की संपलं होतं. भिंतींना गाद्या लागल्या असत्या. रोज चार वाजता चहा. मी मरेपर्यंत पोरगा खाली, एका हाकेवर, नसेना का हाक ऐकू येत. मला दुसरं काय पाहिजे होतं?

मी हेडफोन घेतला आणि टेबलावर ठेवून दिला.

"उभा राहा," मी म्हणाले. "आणि तिकडं तोंड कर. भिंतीकडं."

"का?"

"सांगते ते कर."

तो उठला. हसत हसत भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, लहानपणी शिक्षा झाल्यावर राहायचा तसा. पाठीला शर्ट चिकटला होता. मी त्याच्यामागं तीन पावलांवर उभी राहिले.

"जयवंता," मी म्हणाले, "जाऊ नकोस रे. मला एकटीला ह्या घरात राहवत नाही."

आवाज किती निघाला ते मला कळत नाही, फार वर्षं झाली कळत नाही. पण मराठ्यांनी मान खाली घातली, म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. जयवंत भिंतीकडं बघत तसाच उभा. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार दिला. वाट बघत होता.

"अक्का? बोल की. काय करायचंय?"

मी पुढं होऊन त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला माझ्याकडं वळवलं. मराठ्यांकडं बघून तो म्हणाला, "काय म्हणाली का ही?" मराठ्यांनी पावतीपुस्तक मिटलं. मग तो माझ्याकडं बघायला लागला. माझ्या डोळ्यांकडं नाही, ओठांकडं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"काय म्हणालीस तू?"

"ते जाऊ दे. आता म्हणते ते बघून घे. हे यंत्र चांगलं आहे, आधीचे दोन्ही चांगले होते, मी तुला त्यांचं जे जे सांगितलं ते सगळं खोटं. मला त्यातलं ढिम्म ऐकू आलं नाही, कान माझे कधीचेच गेलेत. आणि तुझेही गेलेत जयवंता, ह्याच जागेत गेलेत, मी घालवलेत. मराठ्यांचं खोकं त्यांच्या गाडीत ठेव. उद्या मिरजेला कानाच्या डॉक्टरकडं दोघं जायचं, आणि पाडव्याच्या आत तू मेधाकडं. तिच्यासमोर उभा राहा आणि तिला सांग, मी तुला मोजत नाही असं तुला वाटलं, पण मला तू बोललेलं ऐकूच आलं नव्हतं. ह्यात तुझी चूक नाही, तिची नाही. चूक माझी. जा, खोकं उचल."